आत्या आणि उत्तर खातं

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते, मग बाकीचं सांगते. शाळा बरी आहे, खोलीही बरी आहे. खोलीची मालकीण थेट तुझ्यासारखी आहे, त्यामुळे घर सोडलंय असं वाटतच नाही. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की वारा सगळ्यांच्या वह्या उडवतो आणि बंद केली की पोरं डुलक्या घेतात. म्हणून मी ती अर्धी उघडून फटीत डस्टर अडकवून ठेवते आणि मग फळा पुसायला हात वापरते.

दहावीच्या इंग्रजीला एक जुनी, गाजलेली कादंबरी लावली आहे. एक शहर असतं, तिथे प्रश्न विचारायला बंदी. रोज सकाळी उत्तर खात्याकडून घरोघर चिठ्ठी येते. आज काय खायचं, कुणाशी मैत्री करायची, कशाचं किती वाईट वाटून घ्यायचं, सगळं तीत लिहिलेलं. लोक अगदी सुखात. त्या कचेरीच्या खिडक्या पुसणारा एक माणूस एके दिवशी काचेतून आत बघतो आणि त्याच्या मनात आयुष्यातला पहिला प्रश्न येतो. तिथून त्याच्यामागे साडेसाती लागते.

मला वाटलं होतं, पोरं तुटून पडतील ह्या गोष्टीवर. कसलं काय! मी काहीही विचारलं की तीसच्या तीस मुंडकी वहीत. शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे, तिचा आवाज अजून शाळेतल्या कुणीच ऐकलेला नाही म्हणतात. मुख्याध्यापिका परवा म्हणाल्या की नाताळच्या सुट्टीपर्यंत वर्ग बोलता झाला नाही तर कादंबरी कपाटात आणि व्याकरणाचं पुस्तक बाहेर.

आता माझ्या धाकट्या भावाचं, ठोक्याचं. त्याने कळवलंय की हिशेबनिसाच्या कोर्सचा अर्ज तू भरून ठेवला आहेस. आत्या, एवढ्यात पाठवू नकोस ना. त्याला सुतारकाम शिकायचंय. हे तुला त्याने सांगितलं नसेल, कारण तुझ्यासमोर त्याच्या तोंडाला कुलूप लागतं, माझ्या वर्गासारखंच. आई-बाबा गेल्यावर आम्हाला दोघांना तू वाढवलंस, आमचं भलं तुझ्याइतकं कुणाला कळणार? पण एकदा त्याच्याशी बोल. तो नुसता मान हलवतो, त्याला होकार समजू नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नये. ओरडा मात्र आटला तरी चालेल.

तुझी,
टिटवी

११ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. खिडकीत डस्टर अडकवायचं नसतं, लाकडी पाचर लावायची असते. ठोक्याला सांगितलं आहे, तो करून पाठवेल. लोकरीचे मोजे घाल. रात्री धुतलेले मोजे सकाळी ओलेच चढवून बाहेर पडणारी तू आहेस, मी ओळखून आहे. गाढवे, सर्दी झाली की तुझा आवाज कावळ्यासारखा होतो. मग वर्ग गप्प बसला तर त्यात पोरांचा दोष नाही.

तुझी ती कादंबरी वाचनालयातून आणली. निम्मी वाचून झाली. उत्तर खात्याच्या मुख्य बाई मला आवडल्या. बाई कामाची आहे. सगळ्या शहराच्या चिठ्ठ्या उजाडायच्या आत ज्याच्या त्याच्या दारात पडतात, एक इकडची तिकडे होत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला आहे. दहा मुलींकडून एक काम वेळेवर करून घेणं म्हणजे पोरखेळ नव्हे, हे मला कोणी शिकवायला नको. तो खिडक्या पुसणारा मात्र कामचुकार. काच पुसायची असते, तिच्यातून आत डोकावायचं नसतं. तिथेच त्याचं बिघडलं.

मुलांचे निबंध इकडे पाठवून दे. मी तपासते. तुला गठ्ठे साठवायची सवय आहे, त्या बाबतीत तू बापावर गेली आहेस. लाल पेन्सिलला टोक काढून ठेवलं आहे.

ठोक्याने परवा स्वयंपाकघरात स्टूल करून ठेवलं. त्यावर बसलेला माणूस डावीकडे कलतो. शेजारच्या काकूंना त्यावर बसवलं तर त्या बोलता बोलता दाराकडे सरकत गेल्या. हा मुलगा हिशेबनीस होईल, चांगल्या खुर्चीवर बसेल, दुसऱ्याने केलेल्या. हाताला फोड येणार नाहीत आणि बोटं दहाच्या दहा राहतील. अर्ज महिनाअखेर जाणार. हा विषय इथे संपला.

वेळेवर जेव. मालकिणीशी वाद घालू नकोस, तिचं बरोबर असणार. रागावलेली नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुला तसं वाटणार आहे.

आशीर्वाद आहेतच. मोजे घाल.

आत्या

२२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आत्या, वर्ग बोलला! नुसता बोलला नाही, बोंबलला. खाली मुख्याध्यापिकांना वाटलं मारामारी चालली आहे. त्या धावत वर आल्या, दारात थांबल्या आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या त्या घंटा होईपर्यंत हलल्या नाहीत.

झालं असं. मी जाहीर केलं की आजचा तास आपण त्या शहरात बसायचं. कोणीही प्रश्न विचारायचा नाही, ज्याच्या तोंडून प्रश्न निघेल त्याने खिडकीपाशी वाऱ्यात उभं राहायचं. नियम समजावून झाले आणि सवयीने मीच विचारलं की कळलं का सगळ्यांना. झालं! तीस बोटं माझ्याकडे. तुझी भाची तासाची पहिली दहा मिनिटं खिडकीपाशी कुडकुडत उभी, आणि तिथूनच शिकवतेय. पोरं अशी खिदळली म्हणून सांगू. त्यानंतर काय विचारतेस. तहानलेल्यांनी सांगायला सुरुवात केली की त्यांच्या घशाला कोरड पडली आहे आणि बाईंचं मन मोठं आहे. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने उभं राहून गंभीरपणे निवेदन केलं की तास संपायला किती वेळ आहे हे बाईंना ठाऊक आहे आणि ज्ञान दिल्याने वाढतं. अर्ध्या तासाने मात्र सगळे घामाघूम झाले. एकमेकांशी बोलणंच खुंटलं. प्रश्नाशिवाय मैत्री करता येत नाही असं एकजण रागारागाने म्हणाला, आणि तिथून जो वाद पेटला तो जिन्यात, मैदानात आणि बस स्टॉपपर्यंत गेला.

मग गृहपाठ दिला की घरातून असा एखादा कागद आणा ज्यात एकही प्रश्न नाही. पोरांनी औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणलं, लिफ्टमधली सूचना आणली, एकाने वडिलांनी फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी आणली. मीही एक नमुना नेला होता. कुठला, ते विचारू नकोस. ह्या कागदांत उत्तर खातं कुठे दिसतं, त्यावर सगळ्यांनी निबंध लिहिले, आणि काय लिहिलेत आत्या! मला तर वाचताना बसवेना, खोलीत फेऱ्या मारत वाचले.

तुझ्या हुकमाप्रमाणे तपासायला गठ्ठा पाठवला आहे. 'माझी सुट्टी' ह्या विषयावरचे निबंध आहेत, मऊ हाताने तपास. ठोक्याची पाचर मिळाली, चपखल बसली. अर्जाचा विषय संपला म्हणालीस. मीही पुन्हा लिहीत नाही, फक्त रोज काळजी करते.

असाच जीव लावत राहावा.

टिटवी

२३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

घाईत लिहिते. पार्सल आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असशील तर वाचू नकोस. 'माझी सुट्टी'चा गठ्ठा इथे माझ्या टेबलावर मला वाकुल्या दाखवतोय, म्हणजे तुझ्याकडे दुसराच गेला.

वाचलाच असशील तर सांगून टाकते. नमुना म्हणून मी तुझं अकरा तारखेचं पत्र इंग्रजीत उतरवून वर्गात वाचलं. नाव-गाव काही सांगितलं नाही. त्यात खरोखरच एकही प्रश्न नव्हता ग. वाईट हेतू नव्हता. ओरड, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी गाढव,
टिटवी

२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, काय करून ठेवलंस हे? तुझी दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली आणि आत्याने आधी जाडजूड बघून पार्सल फोडलं. टेबलाशी बसली, चष्मा लावला, पेन्सिल उचलली. मी समोर भाजी चिरत होतो. पहिल्या निबंधावर पेन्सिल टेकली आणि तिथेच राहिली. मग तिने सगळे वाचले. एकही खूण केली नाही. जेवताना मी दोनदा मीठ सांडलं तरी काही बोलली नाही. ताई, मी पळून जायच्या बेतात होतो.

त्याला आता तीन दिवस झाले. ती घरात फिरते, भांडी घासते, पण हुकूम नाही. काल मी बाहेर निघालो तर दारापर्यंत आली, तोंड उघडलं, मिटलं आणि परत गेली. टोपी घाल असंसुद्धा म्हणाली नाही. मीच आपणहून घातली, तिला बरं वाटावं म्हणून. घर इतकं शांत झालंय की रंधा मारायची मला लाज वाटते.

अर्ज टेबलावर आहे, पाकीट बंद आहे, तिकीट चिकटवलेलं आहे. उद्या महिनाअखेर. मी ठरवलंय की गेला तर जाऊ दे. तिने आपल्यासाठी एवढं केलंय, मी दोन रकाने भरून दाखवले तर मरणार नाही. पण खरं सांगू का, रोज सकाळी उठलो की पाकीट अजून टेबलावरच आहे ना, ते आधी बघतो. स्टुलाचा पाय मी परत बसवलाय, आता ते कलत नाही. तिला दाखवायचं होतं, पण अशा वेळी कुठे दाखवणार.

तुला काही सुचलं तर लगेच कळव. लोभ आहे म्हणून तर एवढं छळतो.

तुझा,
ठोक्या

६ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

निबंध तपासून परत पाठवले आहेत. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच आहेत, बाकी पोरं अस्सल आहेत. तुझं भाषांतर मात्र भिकार. मी 'गाढवे' लिहिलं होतं, तू त्याचं 'डियर' केलंस. पोरांना वाटलं बाई फारच गोड आहे.

आधी संताप आला. तीस वर्षं माझ्या हाताखालच्या मुली माझ्या पाठीमागे काय म्हणत असतील ते सगळं एका गठ्ठ्यात घरपोच आल्यासारखं झालं. चष्मेवाल्याने तर लिहिलंय की ह्या बाईंना शहर दिलं तर आठवड्यात सरळ करतील. दुसऱ्याने माझी बाजू घेतली. उत्तर खातं कुणाला मोजे घाल म्हणून दोनदा सांगत नाही, त्याला कुणाच्या पायाशी देणंघेणं नसतं, म्हणून ही बाई खात्यातली नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला पैकीच्या पैकी दिलेत. एकीने विचारलंय की स्टूल करणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं. तिला कळव, खाली लिहिलंय.

तुझ्या त्या न बोलणाऱ्या मुलीने चारच ओळी लिहिल्या आहेत. ही बाई सगळ्यांना उत्तरं देते, असं ती म्हणते, पण हिला कधी कोणी काही विचारलं असेल असं पत्रावरून वाटत नाही. ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला दुसऱ्याला विचारायचं सुचणार कसं? टिटवे, मी त्या चार ओळी घेऊन तीन दिवस फिरले. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलेल्या मुलीने पलीकडच्याला प्रश्न करायचा नसतो. नंबर घ्यायचा, थांबा म्हणायचं, जोडून द्यायचं. मी ते शिकले, शिकवलं, आणि घरी येऊन तुम्हा दोघांनाही तसंच जोडून दिलं. तुझी लाइन बरोबर लागली, हे नशीब.

तीस तारखेला सकाळी पाकीट हातात घेऊन ठोक्यासमोर बसले. विचारणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. घसा साफ केला, पाणी प्यायले. मग एकदाचं विचारलं की बाळा, तुला काय करायचं आहे. पोरगं आधी घाबरलं, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. मग बोलायला लागलं ते थांबेना. कुठल्या लाकडाला पाणी लागत नाही, कुठलं लाकूड वर्षभर तसंच ठेवावं लागतं, सांधा खिळ्याशिवाय कसा बसवतात. दोन रस्ते पलीकडे एक म्हातारे कारागीर आहेत, ते त्याला शिकवायला तयार आहेत. हेही त्याने मनात ठेवलं होतं. चहा गार झाला. अठरा वर्षांचा हा मुलगा माझ्या घरात वाढला, आणि मी त्याला एका दमात एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, तो लिहिणारच आहे. अर्ज चुलीत गेला. तिकीट आधी वाफेवर काढून घेतलं, ते ह्या पाकिटावर आहे.

हे संपेल असं वाटलं, तर त्याने माझ्याकडे बघून सरळ विचारलं की आत्या, तुला काय व्हायचं होतं. असा प्रश्न मला कोणी कधी केला नव्हता. तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, नोकरी ठरवली, मी सोमवारी रुजू झाले, बस्स. पण उत्तर जिभेवरच होतं बघ! एक्स्चेंजच्या खिडकीतून बसचा डेपो दिसायचा. ते अवाढव्य चाक दोन्ही हातांनी फिरवून ड्रायव्हर एवढी मोठी गाडी फाटकातून अलगद बाहेर काढायचे. मला बस चालवायची होती ग. हे मी मोठ्याने म्हणाले आणि आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता मी त्याच्या स्टुलावर टेकले. कलले नाही.

तू बरी आहेस का? तुला शिकवायला खरंच आवडतं का, की मी सांगितलं म्हणून शिकवतेस? खरं लिही. काहीही लिहिलंस तरी मला ऐकायचं आहे.

हे पत्र वर्गात वाचलंस तरी चालेल. 'गाढवे' शब्द नीट भाषांतर कर.

जिवाला जप.

आत्या

१४ डिसेंबर

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले. वरून मालकीण आली, तिने कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं कोणी गेलं नाही, माझ्या आत्याला बस चालवायची होती. ती बिचारी शेजारी बसली आणि मला रुमाल दिला.

आवडतं, आत्या. देवाशप्पथ आवडतं. सुरुवातीला तू सांगितलंस म्हणून शिकवलं, पण आता कुणी हाकलून दिलं तरी मी खिडकीतून आत येईन. आणि विचारलंस म्हणून किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही.

वर्गात वाचलं. स्टुलाचं ऐकून टाळ्या पडल्या. कादंबरीचा शेवट मात्र त्यांना मुळीच मान्य नाही. शेवटी तो खिडक्या पुसणारा पकडला जातो, त्याला खात्यात टेबल मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तोच चिठ्ठ्या लिहायला लागतो. पोरं इतकी चिडली की लेखकाला पत्र लिहायला निघाली. लेखक कधीच गेले, हे सांगितल्यावर म्हणाली, मग बाईंच्या आत्याला लिहितो, त्यांनी शेवट बदलून दाखवलाय. मुख्याध्यापिकांनी व्याकरणाचं पुस्तक पुढच्या वर्षावर ढकललंय. आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीने आज हात वर केला. सगळा वर्ग मागे वळला. तिने भर वर्गात विचारलं की मग त्या आता बस चालवायला का शिकत नाहीत. आत्या, ह्याचं उत्तर माझं नाही. तूच दे.

उत्तराची वाट बघते, आणि तुझीही बघतच राहणार.

टिटवी

९ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या मुलीला सांग, गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. बस नाही, छोटी मोटार आहे, पण चाक गोलच असतं. शिकवणारा पोरगा ठोक्याच्या वयाचा आहे. मला बघून आधी त्याने माझ्या मागे बघितलं, शिकायला कोण आलंय ते शोधत. मी दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसले तेव्हा त्याने घाईघाईने शेजारी बसून स्वतःचा पट्टा आवळला. ठोक्या मागच्या सीटवर दोन्ही हातांनी दरवाजा धरून बसला होता आणि तोंडाने धीर देत होता. शेजारच्या काकू गॅलरीत, वाचनालयवाले पायरीवर, सगळी गल्ली बघायला उभी. एवढी भीती मला पहिल्या नोकरीच्या दिवशीही वाटली नव्हती, आणि एवढा आनंदही नाही.

किल्ली फिरवली. गाडी घरघरली. पोराने घाम पुसला आणि मला अदबीने विचारलं की आजी, कुठे जायचं.

टिटवे, मी दोन्ही हातांनी चाक धरलं. सगळ्या गावाचे फोन मी जोडून दिले, ज्याला जिथे जायचं तिथे पोचवलं, पण कुठे जायचं हे मला कोणी विचारलं नव्हतं. सुचेचना. मागून ठोक्या म्हणाला, आत्या, सावकाश, काही घाई नाही.

मग मी म्हटलं, बाळा, अजून ठरलेलं नाही. आधी ह्या गल्लीतून बाहेर तर काढू.

आणि काढली ग.

जीव लावून असावं. बाकी भेटीअंती.

आत्या